नकाशात नसलेली दोन रिव्हेटं

परवा सकाळी मी कॉफीच्या जुन्या डब्याच्या झाकणावर ब्रशने लॅकरचा, म्हणजे पत्र्यावर मारायच्या पारदर्शक रंगाचा, एक पट्टा ओढला आणि झाकण गॅलरीच्या कठड्यावर वाळत ठेवलं. शेजारच्या गॅलरीतून विचारणा झालीच, "काकू, केळी आणलीत का? वास छान येतोय." मी म्हटलं, "हो, दोन डझन आणली होती. संपली." या लॅकरला पिकल्या केळ्यांचा वास येतो हे या इमारतीत मी किती वर्षं समजावून सांगायचं? तासाभराने जाऊन पाहिलं तर पट्टा स्वच्छ वाळला होता, खालचा पत्रा लख्ख दिसत होता. म्हणजे थंडी पडली.

बाकीच्या पुण्याची थंडी स्वेटरवरून ठरते. आमच्याकडे ती झाकणावरून ठरायची. हवा दमट असली की लॅकर वाळता वाळता पांढुरका पडतो, दुधावर साय धरल्यासारखा. हवा कोरडी झाली की तो पारदर्शक राहतो. दिवाळीचे कंदील उतरले की हे रोज सकाळी कठड्यावर झाकण ठेवायचे. पांढरं वाळलं की "अजून नाही" एवढंच म्हणून पेपर उघडायचे. स्वच्छ वाळलं की मात्र त्यांची पत्रा-लॅकरची घरगुती कामं सुरू; चहासुद्धा उभ्याने प्यायचे. 'हे' म्हणजे माझे यजमान. त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. मला त्यांची रोज आठवण येते असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? उन्हाळ्यात महिना महिना येत नाही. पण थंडीत येते, आणि आली की जात नाही.

त्यातही आठवते ती एकच थंडी. त्या थंडीत आमच्या कर्वेनगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बॉम्बफेकी विमान उभं होतं.

लिबरेटर त्याचं नाव. चार इंजिनं, मागे दोन लंबगोल शेपट्या आणि बेडकासारखं फुगीर पोट. महायुद्धातलं विमान. युद्ध संपल्यावर गोऱ्यांनी जाताना ती मोडूनतोडून टाकली होती, आपल्या लोकांनी त्याच भंगारातून धड धड भाग निवडून पुन्हा उडती केली. हे तरुणपणी लोहगावला हवाई दलात नोकरीला लागले तेव्हा ती म्हातारी झाली होती. बॉम्ब टाकायचे दिवस सरले होते, समुद्रावर पहाऱ्यासाठी जायची. ह्यांचं काम जमिनीवर. फाटलेला पत्रा कापायचा, नवा तुकडा लावायचा, तो जोडायला रिव्हेटं मारायची. "एकाचा डावा पंख, दुसऱ्याचा उजवा. जमलेलं लग्नच म्हण ना," असं हे आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला हमखास म्हणायचे.

ह्यांचे मित्र दामूभावजी त्याच विमानातले. ते वर जाणारे. धायरीच्या शेतकऱ्याचा मुलगा, त्याआधी खडकवासल्याच्या धरणापलीकडे पाणी असतं हेही त्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि काम काय, तर विमानाच्या कुशीतल्या खिडकीशी बसून दहा-दहा तास समुद्राकडे बघत राहायचं. जहाज दिसलं की सांगायचं. ह्यांना ते 'पंत' म्हणायचे आणि हे त्यांना 'दाम्या'. नोकऱ्या सुटल्या, केस गेले, दात गेले, तरी दोघांचं महिन्यातून एकदा एकमेकांकडे जाऊन भांडायचं काही सुटलं नाही.

पुढे काचबिंदूने भावजींचे दोन्ही डोळे गेले. हे धायरीला भेटून आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले. आमच्या घरात हे अघटितच. मी विचारलं, "काय म्हणाले भावजी?" तर ह्यांनी त्यांच्याच आवाजात सांगितलं, "पंत, बाकी काय बी दिसलं न्हाई तरी चालंल. पर ती खिडकी दिसंना. डोळं हुतं तवा मिटलं की दिसायची. आता मिटायचं काय?"

दुसऱ्या दिवशी हे बोहरी आळीतून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची भली मोठी गुंडाळी घेऊन आले. रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले म्हणून जिन्यात वाद घालून आले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

विमान एका फुटाला एक इंच या मापाने करायचं ठरलं. म्हणजे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ फुटांच्या वर. "एवढं मोठं कशाला? टेबलावर मावेल असं करा की," मी म्हटलं. "त्याला बघायचं नाहीये, त्याला हात लावायचाय," हे म्हणाले. "हात आत गेला पाहिजे. दाम्याचा हात पाहिलायस का? फावडं आहे." मग सोफा गॅलरीत गेला, टीव्ही भिंतीला तोंड करून बसला, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका पंखाखालून वाकून आल्या. एकीने कौतुकाने विचारलं, "हे उडतं का हो?" स्वयंपाकघरातून आवाज आला, "उडतं. तुम्ही येणार म्हणून थांबवून ठेवलंय." ती बाई पुन्हा आमच्याकडे आली नाही.

मी यात कशी ओढली गेले, सांगते. दिवाळीच्या फराळाचं सामान आवरताना माझी करंजी कातायची फिरकी सापडेना. दोन दिवस शोधली. तिसऱ्या दिवशी हे पत्र्यावर ती फिरकी पट्टी लावून फिरवताना दिसले. दातेरी चाकाच्या खुणा सारख्या अंतरावर उठत होत्या, आणि त्या प्रत्येक खुणेवर संपलेल्या बॉलपेनचं टोक उलट्या बाजूने दाबलं की पलीकडे बारीक टिंब वर येत होतं. ते रिव्हेटचं डोकं. खरी रिव्हेटं फक्त सांध्यांवर, बाकी सगळी ही बॉलपेनची. मी आधी फिरकीवरून तोंडसुख घेतलं. मग त्यांची टिंबं पाहिली. वाकडी! मी म्हटलं, "सरका." पन्नास वर्षं ठिपक्यांच्या रांगोळ्या काढलेल्या बाईसमोर कोणी वाकडी टिंबं उठवावीत हे काही बरोबर नाही.

त्यानंतर ते काम माझं झालं. दुपारी दोन ते पाच, गॅलरीतल्या उन्हात पाय पसरून, मांडीवर पाट, पाटावर जुनी चादर, चादरीवर पत्रा. उन्हाने पाठ शेकत असायची आणि पाय गार पडलेले असायचे. शेपट्यांची हलती पाती खऱ्या विमानातसुद्धा कापडाची होती म्हणे. त्यांच्यासाठी ह्यांच्या वडिलांचं मुंजी-लग्नातलं मलमलीचं उपरणं कापलं. "बाबांना चाललं असतं का?" मी विचारलं. "विमानात बसायची फार हौस होती त्यांना," हे म्हणाले आणि कात्री चालवली.

खऱ्या रिव्हेटांना मात्र दोन माणसं लागतात. एक बाहेर हातोडी घेऊन, एक आत लोखंडी ठोकळा घेऊन. बाहेरचा मारतो, आतला ठोकळा रेटून धरतो, मग रिव्हेटचं शेपूट आत चपटं होतं आणि पत्रा पक्का बसतो. मध्ये पत्रा असतो, त्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नाहीत; आणि लोहगावच्या त्या शेडमध्ये एवढा कल्ला असायचा की बोललेलं ऐकूही येत नसे. म्हणून ठोके. आतल्याने ठोकळ्याने पत्र्यावर एक ठोका दिला की अजून मार. दोन दिले की झालं, पक्कं बसलं. तीन दिले की बिघडलं, काढून टाक. ही भाषा ह्यांनी घरीही आणली होती. बशीवर चमच्याचा एक ठोका म्हणजे अजून चहा. दोन म्हणजे छान झालाय. तीन ठोके लग्नानंतर एकदाच झाले. त्या दिवशी चहा त्यांनी स्वतः केला, आणि पुढचे चार दिवसही.

विमानाच्या आत माझा हात. पोटाच्या बॉम्बकप्प्याला दुकानाच्या शटरसारखी वर सरकणारी दारं होती, त्यातून हात घालायचा. बांगड्या अडकायच्या, म्हणून काढून ठेवायचे. आत अंधार, बोटांना पत्र्याचा गारवा, आणि पलीकडे हे. हातोडीचा दणका मनगटापर्यंत यायचा. मी एक ठोका द्यायचे. परत दणका. मग दोन ठोके, आणि पलीकडून हे "हं" म्हणायचे. तासन्‌तास आम्ही एवढंच बोलायचो. चाळीस वर्षांच्या संसारात मला इतकी मजा कधी आली नव्हती. हे त्यांना सांगायचं राहिलं.

सगळ्यात शेवटी हूक. त्या हुकासाठीच हे विमान होतं असं म्हटलं तरी चालेल. भावजींचा जेवणाचा डबा विमान कललं की घरंगळत शेपटीपर्यंत जायचा, भाकरी एकीकडे आणि ठेचा दुसरीकडे. एकदा ह्यांनी वरिष्ठांच्या नकळत पत्र्याचा एक तुकडा वाकवून खिडकीजवळ डबा अडकवायला हूक बसवून दिला. बाहेर शिडीवर हे, आत ठोकळा धरून स्वतः भावजी. दोन रिव्हेटं. कुठल्याच नकाशात ती नव्हती, आणि त्या दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हती. आमच्या विमानातही हे शेवटचं काम ह्यांनी डाव्या खिडकीशेजारी केलं. हूक नखाएवढा. आतून मीच ठोकळा धरला होता. मी दोन ठोके दिले, पण त्यावर हे "हं" म्हणाले नाहीत. "हे पास करणारा माणूस वेगळा आहे," म्हणाले.

तो माणूस रथसप्तमीला आला. मुलगा गाडीने सोडून गेला. भावजींनी येताना हरभऱ्याचे डहाळे आणले होते. धायरीत हरभरा पिकायला रान कुठे उरलंय, पण त्यांनी बंगल्यामागे दोन वाफे राखलेले. साबणाने हात धुतले, पुसले, आणि नाकापासून सुरुवात केली. बोटं पुढे सरकत होती तसतसे ते हसत होते. "हाय! हाय! हे दुसरं इंजान, हेच तेल गाळायचं. पंत, ह्यो पोचा बी काढला व्हय रं?" शेपटीच्या मलमलीवरून त्यांनी असा हात फिरवला की मी स्वयंपाकघरात निघून गेले. परत आले तेव्हा शटर वर होतं, त्यांचा हात कोपरापर्यंत आत होता, आणि हे बाहेरून पत्र्याला कान लावून उभे होते. सत्तरीचा माणूस, दहावीच्या निकालाला उभा असल्यासारखा.

आतून ठोके आले. एक. दोन. ह्यांचा चेहरा उजळला. आणि मग तिसरा आला.

"हूक उजवीकडं हुता, पंत."

"डावीकडे होता. मारला कोणी?"

"धरला कुनी?"

"तू आत बसून समुद्र बघत होतास आणि ठेचा खात होतास. रिव्हेट मी मारत होतो."

"मी त्या हुकाकडं बघत दोन वर्सं काढली. तू योकदा मारला आन्‌ शिडी उतरून घरी गेलास."

भावजी चहा अर्धा टाकून गेले. पुढच्या आठवड्यात फोन झाला, महाशिवरात्रीला हे धायरीला जाऊनही आले, दोघांनी राजकारणावर यथेच्छ भांडण केलं. हुकाबद्दल मात्र एकानेही अवाक्षर काढलं नाही. मी ह्यांना म्हटलं, "अहो, बदला ना. दोन तर रिव्हेटं." तर म्हणाले, "जे चुकलंच नाही ते बदलायचं कसं?" फार हट्टी माणूस. पण विमानावर फडकं मारताना त्यांचा हात त्या डाव्या खिडकीपाशी थांबायचा, ते मला दिसत होतं. अख्खी थंडी खपून त्यांना फक्त दोन ठोके हवे होते. पद्मश्री मागितली नव्हती.

श्रावणात एका संध्याकाळी, गॅलरीत बसले असताना, मी काही विचारलं नसताना म्हणाले, "दाम्याचं बरोबर असेल गं. मी शिडीवर तोंड कुठल्या दिशेला करून होतो तेच आता आठवत नाही. तो आत होता. आतल्याला कळतं."

"मग आणू का हातोडी?"

"आता? या हवेत? रंग पांढरा पडेल. थंडी पडू दे. झाकण स्वच्छ वाळलं की पहिलं ते काम."

भाद्रपदात हे गेले. बाहेर इतका पाऊस होता की कपडे वाळत नव्हते.

नंतर अकरा हिवाळे गेले. मी दर वर्षी झाकण ठेवलं, दर वर्षी ते स्वच्छ वाळलं, आणि मी हूक काही हलवला नाही. त्यांच्या हाताचं आहे, आपण कशाला लुडबुड करा, असं एका वर्षी वाटायचं. त्यांनीच तर सांगितलंय, असं दुसऱ्या वर्षी वाटायचं. फडकं मारून मी शटर बंद करायचे. भावजींनीही या काळात कधी विमानाचा विषय काढला नाही. फोनवर तब्येत विचारायचे, "वैनी, येकट्या ऱ्हाताय, दार नीट लावत जावा," म्हणायचे.

यंदा आमची सोसायटी पाडायला निघाली आहे. सगळ्यांना मोठ्या खोल्या मिळणार आहेत म्हणे. तोवर दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात. भाड्याच्या घरात नऊ फुटांचं विमान कोण येऊ देतंय? मुलगी फोनवर म्हणाली, "आई, फोटो काढून ठेव आणि देऊन टाक." बरोबरच आहे तिचं. मी धायरीला फोन केला. भावजी म्हणाले, "मी घिऊन जातो. पर आधी तिथंच योकदा हात लावतो."

म्हणून परवाचं ते झाकण. पट्टा स्वच्छ वाळलेला पाहिला आणि मी चहासुद्धा उभ्याने प्यायला. ह्यांचा ड्रिल काढला, डावीकडची दोन रिव्हेटं कापली, हूक सोडवला. आता हातात बांगड्या नसतात, हात सहज आत जातो. उजव्या खिडकीशेजारी भोकं पाडली. ठोकळा एका हाताने आत धरला, हातोडी दुसऱ्या हाताने बाहेर घेतली, आणि तशीच उभी राहिले. हे एका माणसाचं कामच नव्हे. आतल्या हाताने बाहेरच्या हाताला सांगायचं तरी काय? शेवटी तो हूक मी स्टेशनरीच्या दुकानातल्या गोंदाने चिकटवला आणि वर लॅकर फिरवला. केळ्यांचा वास सुटला तसं मला रडू आलं. कोणी नव्हतं, म्हणून चांगलं पोटभर रडून घेतलं.

काल भावजी आले. पाठ वाकली आहे, हात मात्र फावडंच. नाकापासून सुरुवात केली, पण या खेपेला हसले नाहीत, बोलले नाहीत. मी शटर वर केलं. हात आत गेला. मी ह्यांच्यासारखाच पत्र्याला कान लावला.

बोटं उजवीकडे गेली. हूक सापडला. थोडा वेळ तिथेच राहिली. "गोंद लावलाय," ते हळूच म्हणाले. मग हात डावीकडे सरकला, आणि बोटांना ती दोन रिकामी भोकं लागली असणार, कारण पत्र्यावरची त्यांची सरसर तिथेच थांबली.

मग ठोके आले. एक. दोन. तीन.

माझं डोकंच फिरलं. "अहो भावजी, आता काय चुकलं? तुम्हीच तर उजवीकडे म्हणाला होतात! हेसुद्धा शेवटी कबूल झाले होते, दाम्याचं बरोबर असेल म्हणून. थंडी पडली की बदलणार होते."

"असं म्हनला पंत?"

"म्हणाले. श्रावणात. इथेच गॅलरीत."

भावजींनी हात बाहेर काढला नाही. मान खाली घालून म्हणाले, "त्या विमानात उजवीकडंच हुता, वैनी. पर ह्या विमानात डावीकडं हाय. त्यानं मारलाय त्यो." त्यांनी बोटं पुन्हा त्या भोकांवरून फिरवली. "मला माझी बसायची खिडकी पायजे हुती, ती त्यानं दिली. मी हुकावर अडलो. घरी जाऊन जेवलो बी न्हाई त्या दिवशी. कुठं हाय त्यो ठोकळा?"

मी ठोकळा त्यांच्या हातात दिला. उजवीकडचा हूक नखाने उपटून त्यांनीच माझ्या तळव्यावर ठेवला. मी डबीतून दोन रिव्हेटं काढली, डावीकडच्या जुन्या भोकांत बाहेरून बसवली, हूक आतून त्यांवर अडकवून भावजींना धरायला दिला आणि विमानाच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले. त्या बाजूला मी कधी उभी राहिले नव्हते. ती ह्यांची जागा. हातोडीचा दांडा त्यांच्या हाताने गुळगुळीत झालेला होता, मला मोठा पडत होता.

मी मारलं. आतून एक ठोका आला. परत मारलं. परत एक. दुसरं रिव्हेट जरा तिरकं गेलं, मी तोंडातल्या तोंडात ह्यांच्यासारखीच शिवी दिली आणि सरळ करून मारलं. खालून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली, ती पुढच्या गल्लीत वळेपर्यंत आतून काहीच आलं नाही.

मग दोन ठोके आले. तिसऱ्याची वाट पाहत मी कान पत्र्याला लावून धरला होता. तिसरा आला नाही.

"हं," मी म्हटलं.